हॅकबेरी ओढ्यावरील जलवाहतूक

'लोककल्याणाखेरीज दुसरा कोणताही हेतू मनात न बाळगता जोथम प्रुइट यांनी इलिनॉयच्या विधानसभेत जनतेची सेवा केली,' असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. मजकूर जोथमने हयातीतच स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. खरी गोष्ट एवढीच, की तो विधानसभेत गेला तो शेजाऱ्याचा बंधारा फोडायला. बंधारा फुटला, आणि नंतर तो कधी तिकडे फिरकला नाही.

शेजाऱ्याचं नाव असाहेल व्हेनेबल. हॅकबेरी ओढ्यावर त्याची पाणचक्की होती. एक चाक मका दळायचं, दुसरं ओंडके कापून फळ्या काढायचं. आसपास दुसरी चक्की नव्हती, त्यामुळे व्हेनेबलशी वाकडं घेणं म्हणजे मक्याचे दाणे अख्खे गिळायची तयारी ठेवणं. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर जोथमचं काम पुष्कळ सोपं झालं असतं. अठराशे तेहतीस साली जोथमने नवं रान तोडलं, तेव्हा तोडलेले ओंडके ढकलून ढीग रचायला सगळी वस्ती आली होती. त्यात सगळ्यांत जड टोकाला हात घालणारा व्हेनेबलच होता. ओंडक्यांचं काम तिकडे सावडीनेच चालायचं. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. व्हेनेबलने पुढे शेती केलीच नाही, चक्की काढली. त्यामुळे त्याची सावड फेडायची जोथमवर वेळ आली नाही, आणि जोथम तरी ती विसरून गेला.

सदतीस साली व्हेनेबलने बंधारा दोन फुटांनी उंच केला. पाण्याचा फुगवटा मागे सरकत सरकत जोथमच्या खालच्या शेतात शिरला आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला. वर हिरवी साय धरली, बेडूक आले, वास सुटला. त्या काळी हे शेंबडं पोरही सांगायचं, की हिवताप होतो घाणेरड्या हवेने आणि घाणेरडी हवा निघते साचलेल्या पाण्यातून. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जोथमची बायको केझाया दिवसाआड हुडहुडू लागली. अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी खाट वाजायची. पाचव्या झटक्यात तिची शुद्ध गेली ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हेनेबल शवपेटी घेऊनच दारात आला. दळायला आलेल्या लोकांना परत पाठवून, चाक फक्त अक्रोडाच्या फळ्यांसाठी चालवून, त्याने स्वतः रंधा मारून पेटी जोडली होती. मोबदल्याचं नाव काढलं नाही. शेजारी असावा तर असा, असं सगळी वस्ती म्हणाली. जोथम पेटीकडे बघत राहिला. ज्या पाण्याने बायको मारली त्याच पाण्याने तिच्या पेटीच्या फळ्या कापल्या होत्या. हा विचार त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला, आणि तो खिळा पुढची सात वर्षं कुणाला निघाला नाही.

काढायचा प्रयत्न एकटीने केला, त्याच्या थोरल्या बहिणीने. डॉर्कस दोन नवरे पुरून ओहायोहून भावाचं घर सांभाळायला आली होती, आणि मरणाबद्दल ती इतर बायका लोणच्याबद्दल बोलतात तशी बोलायची.

"केझायाचं मला छत्तीस साली पत्र आलं होतं," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "थंडी वाजून ताप येतो म्हणून. तेव्हा कुठे उंच झाला होता बंधारा?"

"ती थंडी वेगळी," जोथम म्हणाला.

"हो, वेगळीच. त्या थंडीला धरायला कुणी मालक नव्हता."

जोथम ताट सोडून उठला. वादात हरलं की ताट सोडून उठायचं, ही प्रुइट घराण्याची जुनी चाल होती.

आधी तो रीतसर व्हेनेबलकडे गेला आणि दोन फुटांच्या फळ्या काढून टाक म्हणाला. व्हेनेबलने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दोन फूट पाणी उतरलं तर उन्हाळ्यात चाक फिरणार नाही. मग वस्तीचं पीठ कोण दळणार? जोथम म्हणाला, तुझ्या पाण्याने माझी बायको मेली, एवढं कबूल कर. व्हेनेबलने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला की वाईट फार वाटतं, पण जे माहीत नाही ते कबूल कसं करू. जोथमला बाकी काही नाही, ते एकच वाक्य हवं होतं. ते मिळालं असतं तर बंधारा कदाचित वाचला असता. निदान जोथम स्वतःला तसं सांगायचा.

मग खटला झाला. पंच म्हणून बारा सज्जन बसवले. बाराही जणांचा मका व्हेनेबलकडे दळला जायचा, आणि त्यांतल्या दोघांची पोती त्या दिवशी चक्कीवर रांगेतच होती. पंच आत गेले आणि पाईप पेटवायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आले. बंधारा निर्दोष ठरला.

कचेरीच्या पायरीवर जोथम बसून राहिला, तेव्हा त्याचा वकील शेजारी टेकला. म्हातारा होता, हरायची सवय असलेला. त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, की खाजगी ओढ्यावर बंधारा घालायला कुणाची बंदी नाही. पण ज्या पाण्यातून नाव जाते, ते पाणी म्हणजे सार्वजनिक रस्ता. त्यावर कुणी बंधारा घातला, तर तो काढावाच लागतो, पंच बसवा नाहीतर देवदूत बसवा.

"हॅकबेरीतून नाव जाते?" जोथमने विचारलं. ऑगस्टात त्या ओढ्यातून बदक पायी जायचं.

"ते ओढ्याला विचारत नाहीत," वकील म्हणाला. "विधानसभेला विचारतात. ती म्हणाली जाते, की जाते."

अशा तऱ्हेने जोथम प्रुइटच्या मनात लोकसेवेची तळमळ उत्पन्न झाली.

बेचाळीस साली तो उभा राहिला आणि पडला, कारण भाषणात तो फक्त बंधाऱ्याबद्दल बोलला. चव्वेचाळीसला तो शहाणा झाला होता. रस्ते, शाळा, लांडग्यांचा बंदोबस्त, सगळ्यांवर बोलला. बंधाऱ्याचं नाव घेतलं नाही. भाषणं करायची जागा मात्र एकच, व्हेनेबलच्या चक्कीचं अंगण. कारण दळण होईपर्यंत ताटकळलेली माणसं दुसरं काहीही ऐकायला तयार असतात. त्याच खुनी पाण्याच्या काठावर, व्हेनेबलच्याच पिंपावर उभा राहून, जोथम एकोप्याचं महत्त्व सांगायचा. आतून त्याचे दात इतके आवळलेले असायचे, की ऐकणाऱ्यांना ती निर्धाराची लकब वाटली. तिने बरीच मतं मिळवली.

मत द्यायचं ते तोंडाने. टेबलामागे कारकून बसलेला, मतदाराने चारचौघांत नाव पुकारायचं आणि बाजूच्या दारूच्या पिंपातून एक प्याला घ्यायचा. दुपारी व्हेनेबल आला. पिठाने पांढरा झालेला, बाह्या दुमडलेल्या. उमेदवार म्हणून जोथम तिथेच उभा होता. दोघांत पाच वर्षं बोलणं नव्हतं.

"जोथम प्रुइट," व्हेनेबलने पुकारलं.

कारकुनाने पुन्हा विचारलं. व्हेनेबल म्हणाला, बरोबर ऐकलंस. जाताना तो जोथमपाशी थांबला.

"निदान हिवाळाभर तू तिकडे राजधानीत, स्प्रिंगफील्डला राहशील," तो म्हणाला. "रोज सकाळी काठावर उभा राहून माझ्या बंधाऱ्याकडे बघतोस ना, बायको घाबरते माझी."

लोक हसले. जोथमही हसला, आणि मनात म्हणाला, हस लेका, हस. तो चौदा मतांनी निवडून आला. त्यातलं एक शत्रूचं, हे त्याला बरेच दिवस सलत राहिलं.

स्प्रिंगफील्डला पोचल्यावर आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं, की राज्याचा कारभार कुणीही शेतकरी चालवू शकेल, कारण तिथेही सगळं सावडीवरच चाललं होतं. सभासद त्याला 'ओंडके ढकलणं'च म्हणायचे. तू माझ्या ओंडक्याला हात लाव, मी तुझ्या. ओंडका कसला आहे, हे विचारायची रीत नव्हती. होझिया टटल नावाचा दक्षिणेकडचा जुना सभासद त्याच्याच खोलीत उतरला होता. एकाच खाटेवर दोघे झोपायचे, आणि टटल झोपेतसुद्धा सूचनेला अनुमोदन द्यायचा. जोथमने त्याला आपलं विधेयक दाखवलं. एकच वाक्य होतं: 'हॅकबेरी ओढा, उगमापासून वॉबाश नदीपर्यंत, नौकानयनास योग्य असल्याचे घोषित करण्यात येत आहे.'

टटलने ते दोनदा वाचलं. "सुंदर आहे," तो म्हणाला. "कोणाला बुडवायचंय?"

जोथम म्हणाला, वाहतूक वाढेल, शेतमालाला न्यू ऑर्लीन्सची बाजारपेठ मिळेल.

"गड्या, अकरा वर्षं झाली मला इथे. एका वाक्याचं विधेयक माणूस दोनच कारणांनी आणतो, बायको सोडायची असली की नाहीतर शेजारी. कोण आहे?"

"शेजारी," जोथम म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बायकोसाठी."

टटलने एवढंच सांगितलं, की साठेक ओंडके ढकलावे लागतील.

जोथमने ढकलले. एका घड्याळ विकणाऱ्या फेरीवाल्याबरोबर पळून गेलेल्या बाईच्या नवऱ्याला काडीमोड द्यायला हात वर केला. 'डुकरांचं डबकं' नावाच्या गावाचं नाव अथेन्स करायला हात वर केला. कुणाच्या सासऱ्याच्या भट्टीपर्यंत राज्य रस्ता न्यायला, मारलेल्या लांडग्यामागे मिळणारं बक्षीस वाढवायला, आणि पंधरवड्याने ते कमी करायलाही हात वर केला. एक तरुण सभासद दिलेला शब्द मोडून ऐन वेळी बाहेर तंबाखू थुंकायला गेला, तेव्हा जोथमने त्याला सगळ्यांसमोर झापलं. ज्याने ओंडक्याची सावड खाल्ली आणि फेडली नाही, तो माणूस नव्हे, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. त्या अधिवेशनातलं त्याचं हे एकमेव भाषण. गावाकडच्या वर्तमानपत्राने ते छापलं.

फेब्रुवारीत, एका दुपारी, सभागृह अर्धं पेंगत असताना, हॅकबेरी ओढा नौकानयनास योग्य झाला. विरोधात कुणी नव्हतं. जोथम बाहेर पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. सात वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो येऊन गेला होता, आणि त्याला फक्त भूक लागल्यासारखं वाटत होतं.

गावी परतल्यावर कळलं, की कायदा झाला म्हणून बंधारा आपोआप पडत नाही. शेरीफही व्हेनेबलकडेच दळायला जायचा. तो म्हणाला, अडथळा आहे हे आधी दिसलं पाहिजे, आणि अडथळा दिसायला काहीतरी अडलं पाहिजे. म्हणजे नाव हवी. जोथमने सपाट बुडाची नाव बांधायला घेतली, चाळीस फूट लांब. फळ्या लागल्या. फळ्या कापणारी गिरणी एकच. त्याने गडी पाठवला, आणि व्हेनेबलने काही न विचारता मापाप्रमाणे फळ्या कापून दिल्या. वर एक जादा दिली, एखादी चिरली तर असावी म्हणून.

"त्याला कळलं नसेल कशाला ते," जोथम म्हणाला.

"चाळीस फुटी फळ्या," डॉर्कस म्हणाली. "त्याला वाटलं असेल, माझा भाऊ कोंबड्यांचं खुराडं बांधतोय."

एप्रिलच्या पुरात जोथमने नावेत मक्याची पोती भरली आणि ओढ्यात लोटली. हॅकबेरीवरची ही पहिली जलवाहतूक. पाऊण मैल ती व्यवस्थित झाली. वळणावरून बंधारा दिसला. त्याच्या काठावर शेरीफ आणि दोन साक्षीदार उभे होते, आणि बंधाऱ्यावर मधोमध व्हेनेबल. नाव येऊन ओंडक्यांना टेकली. शेरीफने घसा खाकरून कायदा वाचला. एकच वाक्य असल्याने लवकर संपला.

"फळ्या बऱ्या निघाल्या?" व्हेनेबलने विचारलं.

"बऱ्या निघाल्या," जोथम म्हणाला. "आता तरी म्हण, असाहेल. तुझ्या पाण्याने मेली ती. एकदा म्हण, मी नाव मागे घेतो. देवाशपथ घेतो."

व्हेनेबलने बराच वेळ पाण्याकडे बघितलं. चक्कीच्या दारात त्याची बायको उभी होती. तिच्याकडेही बघितलं.

"मला माहीत नाही, जोथम," तो म्हणाला. "तुलाही माहीत नाही. चक्कीसाठी खोटं बोललो, तर उद्या तू मला त्याच कबुलीसाठी मारशील."

शेरीफने विचारलं, आता बंधारा काढणार कोण. कायद्यात ते नव्हतं. साक्षीदारांना एकाएकी घरची कामं आठवली. व्हेनेबल बंधाऱ्यावरून उतरला, दोन लांब पहारी घेऊन आला, आणि त्यातली एक नावेच्या काठावर ठेवली.

"तेहतीस साली मी तुझ्या रानात एक दिवस ओंडके ढकलले होते," तो म्हणाला. "माझं तुझ्याकडे येणं आहे. हा बंधारा काय आहे? ओंडकेच आहेत. ये, हात लाव."

"विसरलो नव्हतो मी," जोथम म्हणाला. ही थाप होती.

"विसरशील कसा? ज्याने सावड खाल्ली आणि फेडली नाही, तो माणूस नव्हे. वाचलं मी पेपरात. झकास बोललास."

शेरीफ तोंड फिरवून खोकला. जोथमने इकडेतिकडे बघितलं. सूड घ्यायचा तर तो काठावर हाताची घडी घालून, समोरचा घाम गाळताना बघत घ्यायचा, हे त्याने सात वर्षं रोज डोळ्यांसमोर आणलं होतं. कुठल्या जोड्यात उभं राहायचं तेसुद्धा ठरलेलं होतं. पण त्या मुलखात माणूस बायकोशिवाय राहू शकायचा, पिठाशिवाय राहू शकायचा. सावड बुडवून राहू शकत नव्हता. जोथमने कोट काढला.

एका दिवसाची सावड होती. काम तीन दिवस चाललं, आणि पहिल्या दिवसानंतर थांबायचं कुणालाच सुचलं नाही. ओंडके ओकचे होते, एकमेकांत खाचा घालून बसवलेले, आत दगड भरलेले. सुंदर काम होतं. जोथम कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून खालून पहार घालायचा, व्हेनेबल वरून. दोघे 'हो' आणि 'सोड' याखेरीज काही बोलले नाहीत. दुपारी व्हेनेबलची बायको मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस आणून ठेवायची, दोघांचं एकाच ताटात, आणि निघून जायची. ते पीठ शेवटच्या दळणाचं होतं. जोथमने खाल्लं. तिसऱ्या दिवशी मधला ओंडका सुटला, पाण्याचा लोंढा हंबरत निघाला, आणि बांधून ठेवलेली नाव दोरी तोडून त्याच्याबरोबर गेली. चक्कीच्या खाली दोन फर्लांगांवर ती गाळात रुतली आणि पाणी पुढे निघून गेलं. पोती भिजली. नाव कायमची तिथेच राहिली. पुढे तिच्यात डुकरं व्यायला लागली.

चाक थांबलं. जोथम काठावर बसून त्या शांततेकडे कान देत होता. त्याला वाटलं होतं, की चाक थांबलं की केझायाचं काहीतरी ऐकू येईल. बेडूक ऐकू येत होते.

"फिटली सावड," व्हेनेबल म्हणाला, आणि पहारी धुवायला गेला.

जूनमध्ये व्हेनेबलने जात्याचे दगड गाडीत घातले आणि बायकापोरांसह आयोवाला निघून गेला. वस्तीने त्याला पाच मैल सोबत केली. जोथम गेला नाही. त्याने घराच्या ओसरीतून गाडी जाताना बघितली, ती झाडीत दिसेनाशी झाल्यावरही बघत राहिला, आणि मग आत येऊन डॉर्कसला म्हणाला, की आता या खोऱ्यातली हवा शुद्ध होईल. डॉर्कस म्हणाली, हवेचं माहीत नाही, पण पीठ संपलंय. जवळची चक्की आता सव्वीस मैलांवर होती.

बंधाऱ्यामागच्या तळ्याच्या जागी आता नुसता उघडा चिखल होता, त्यात जागोजागी बैलाच्या खुराएवढी, ताटाएवढी, खोलीएवढी डबकी. पाऊस येऊन गेला की ती भरायची, ऊन पडलं की कोमट व्हायची. मासे मरून पडले, त्यांचा वास चार दिवसांत गेला. डास तेवढे बेसुमार झाले. पण डासांनी कुणाचं काय बिघडतं, असं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. जोथम रोज सकाळी जुन्या सवयीने काठावर जाऊन उभा राहायचा. बघायला तिथे काही नव्हतं. तरी तासभर उभा राहायचा.

अकरा ऑगस्टला, भर उन्हात, त्याचे दात वाजायला लागले. डॉर्कसने चार गोधड्या टाकल्या. खाट वाजत होती. ती क्विनीनची पूड घेऊन शेजारी बसली, आणि मधल्या उसंतीत त्याने डोळे उघडले तेव्हा म्हणाली, "बोल. आता कोणाला धरायचं?"

ताट नव्हतं, आणि उठताही येत नव्हतं; म्हणून जोथमने भिंतीकडे तोंड केलं.

तो वाचला. त्या वर्षी हॅकबेरीच्या काठावर एकतीस जणांना हिवताप झाला. आदल्या वर्षी नऊ जणांना झाला होता.